अपघात-विभागांतील जागरण

मध्यरात्रीं ज्याच्या छातींत कळ उठते, तो रुग्णालयाच्या दारीं येऊन ज्या तरुण वैद्याच्या हातीं आपला जीव सोंपवितो, तो वैद्य स्वतः किती तासांचा जागा आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तो प्रश्न प्रत्येक नागरिकानें विचारला पाहिजे.

आकस्मिक चिकित्सा ही स्वतंत्र विद्या होय, हें आपल्या देशांतील वैद्यकीय परिषदेनें २००९ सालीं मान्य केलें. ह्या विद्येचा अर्धा पाठच ग्रंथांत मिळतो. छातींत दुखत असलेल्याचा हृदयालेख दहा मिनिटांच्या आंत काढावा, हें पुस्तक सांगतें. परंतु चार जखमी एकदम आले असतां ओरडणाऱ्याच्या आधीं निपचित पडलेल्याकडे धांवावें, ही दृष्टि अनुभवी गुरु शेजारीं उभा असतांनाच येते. गुरु घरीं निजलेला आणि शिष्य एकटा जागा, अशा व्यवस्थेंत विद्या वाढावी कशी?

निवासी वैद्यांस सामान्यतः दिवसास १२ व आठवड्यास ४८ तासांहून अधिक काम नसावें, असा निर्देश केंद्र सरकारनें १९९२ सालींच दिला. त्याचें पालन किती झालें, हें ऑगस्ट २०२४ मध्यें कलकत्त्यास दिसलें. प्रदीर्घ पाळींत चर्चागृहांत क्षणभर विसांवा घेणाऱ्या एका तरुण वैद्येवर तेथें अत्याचार होऊन तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयास राष्ट्रीय कृतिदल नेमावें लागलें, तेव्हां कोठें देशाचें लक्ष ह्या पाळ्यांकडे गेलें!

कित्येक वडीलधारे वैद्य म्हणतात, "आम्हीही असेच जागून शिकलों." त्यांच्या कष्टांविषयीं आम्हांस आदर आहे, पण जागरण ही विद्या नव्हे. दोन रात्रीं न निजलेल्या मुनिमाच्या खतावणीवर आमचे व्यापारी बंधु विश्वास ठेवतील काय? मग औषधाची मात्रा ठरविणाऱ्यानें मात्र थकूं नये, असें म्हणणें हा कोणता न्याय? न्यूयॉर्क येथें १९८४ सालीं १८ वर्षांची एक मुलगी रुग्णालयांत दगावली. तिच्या पित्यानें शिकाऊ वैद्यांच्या थकव्यावर बोट ठेवलें, आणि १९८९ पासून त्या राज्यानें त्यांच्या कामास आठवड्यास ८० व सलग २४ तासांची मर्यादा घातली. आपला नियम याहून उदार आहे. उणीव आहे ती अंमलबजावणीची.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. पाळ्यांचें वेळापत्रक दारावर लावावें. रात्रीं एक ज्येष्ठ वैद्य प्रत्यक्ष हजर असावा. स्त्री-वैद्यांस कडी लागणारी निराळी खोली मिळावी. आणि झालेल्या मृत्यूंची चर्चा दर आठवड्यास, दोष देण्यासाठीं नव्हे तर शिकण्यासाठीं, व्हावी.

लोकांचेंही कर्तव्य आहे. जखमीस प्रथम उपचार देणें हें प्रत्येक वैद्याचें कर्तव्य होय, असें सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं ठरविलें. वैद्यांवर हात उगारणें हा गुन्हा होय, असा कायदा महाराष्ट्रानें २०१० सालीं केला. पहिल्याचा हक्क सांगणारांनीं दुसऱ्याचें बंधनही पाळावें. दिवा रात्रभर जळावा असें ज्यांस वाटतें, त्यांनीं तेलाची तरतूद करावी, हेंच शहाणपण होय.