ताप आला की लोहाला कुलूप!

बालमित्रांनो, तुमच्या अंगात लोखंड आहे, हे ठाऊक आहे का? हसू नका! मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण 3 ते 4 ग्रॅम लोह असतं. म्हणजे एखाद्या लहानशा खिळ्याएवढं. पण त्याच्यावाचून आपलं पान हलत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी अंगभर प्राणवायू पोचवतात, त्या या लोहाच्याच बळावर.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. पाचवीपर्यंत गुलाबी, सहावीपासून निळी. पण 2018 साली सुरू झालेल्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात एक सूचना आहे. मूल तापाने फणफणलं असेल, तर त्याला गोळी द्यायची नाही. आता सांगा बरं, जो आजारी, त्यालाच गोळी नाही, असं का?

उत्तर दडलंय उजव्या बरगड्यांखाली, यकृतात. आपल्या अहमदपूरच्या मोंढ्यात मुनीम मालाचा हिशेब ठेवतात ना? तसं यकृत म्हणजे लोहाचा मुनीम. जादा लोह ते फेरिटिन नावाच्या प्रथिनात साठवतं. आणि रक्तात किती लोह सोडायचं, हेही तेच ठरवतं. त्यासाठी ते रक्तातून एक चिठ्ठी धाडतं. चिठ्ठीचं नाव हेप्सिडिन. आतड्यातल्या आणि साठा करणाऱ्या पेशींना लोह बाहेर सोडणारी दारं असतात. चिठ्ठी पोचली, की दारं बंद. चिठ्ठ्या कमी झाल्या, की दारं उघडी!

आता गंमत ऐका. रोगजंतूंनाही वाढायला लोह लागतं. म्हणून ते शरीरात शिरले, की यकृताला वर्दी मिळते आणि ते चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या धाडतं. काही तासांतच रक्तातलं लोह उतरतं. शत्रू चालून आला, की गावकरी धान्य पेवात दडवायचे, तसंच हे! अशा वेळी गोळी खाल्ली, तरी तिच्यातलं बरंचसं लोह दाराशीच अडकून पडतं.

वर्दी बाहेरूनच येते असंही नाही. यकृताच्या प्रत्येक पेशीत प्रथिनं तयार होतात आणि त्यांच्या नीट घड्या घातल्या जातात. काम फार वाढलं, की बिनघडीच्या प्रथिनांचा ढीग साचतो. सभा संपल्यावर सतरंज्यांचा साचतो ना, तसा! यालाच पेशीवरचा ताण म्हणतात. अशा ताणात सापडलेली यकृताची पेशीही जास्त हेप्सिडिन तयार करते, हे शास्त्रज्ञांनी 2009 साली दाखवून दिलं. म्हणजे मुनीम स्वतः अडचणीत आला, तरी आधी कोठाराला कुलूप लावतो!

दोन-चार दिवसांचं कुलूप चांगलंच. पण आजार महिनोन् महिने रेंगाळला, तर? कोठारात माल असूनही रक्त उपाशी राहतं. मूल फिकट दिसतं, खेळताना धापा टाकतं. कोठार खरंच रिकामं असलं, तरी मूल असंच दिसतं बरं का! जेवणात लोह कमी पडलं किंवा पोटात जंत झाले, की कोठार रिकामं होतं. नुसतं चेहऱ्याकडे पाहून कुलूप की रिकामं कोठार, हे ओळखता येत नाही. त्यासाठी रक्त तपासावं लागतं.

आई-बाबा, मूल सारखं थकत असेल, तर मनाने टॉनिकच्या बाटल्या आणू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि मुलांनो, ताप असेल त्या दिवशी तसं बाईंना-गुरुजींना सांगा. बरं वाटलं, की मात्र गोळी चुकवायची नाही! ती उपाशीपोटी घेऊ नका. भाकरीबरोबर पालेभाजी, डाळ, उसळ खा आणि वर लिंबू पिळा. लिंबामुळे लोह चांगलं अंगी लागतं. जेवणाला लागून चहा मात्र नको, तो लोहाला अडवतो.

आज आरशापुढे उभे राहा आणि खालची पापणी हळूच ओढून आतला रंग पाहा. लालसर असेल, तर छानच. पांढुरकी दिसली, तर घरी लगेच सांगा, लपवू नका!