खुणेची अंगठी

दुर्वासाच्या शापामुळें दुष्यंतानें समोर उभ्या असलेल्या शकुंतलेस ओळखलें नाहीं. ओळख पटवावयाची अंगठी तेवढी हरवली होती. जुनीं छायाचित्रें संगणकावर दुरुस्त करूं पाहणाऱ्या पुष्कळ गृहस्थांस असाच प्रकार आढळतो. ग्राफिक्स कार्ड यंत्रांत धडधाकट असतें. पण फोटोशॉपास तें सांपडत नाहीं. मग कोणी नवें कार्ड घ्यावयास सांगतो, कोणी सर्व पुसून विंडोज पुन्हा बसवावयास सांगतो. पहिल्या सल्ल्यानें पैसा जातो. दुसऱ्यानें वाडवडिलांचीं छायाचित्रें कायमचीं जाण्याचें भय असतें. यास्तव त्यांची एक प्रत प्रथम निराळ्या डिस्कवर काढून ठेवावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे.

कार्डाचें साहाय्य घेण्यास फोटोशॉपनें २००८ सालीं, सीएस४ या आवृत्तींत, आरंभ केला. प्रोग्रॅम सुरू होतांना 'स्निफर' नांवाचा एक लहान प्रोग्रॅम कार्डाची परीक्षा घेतो. तो मध्येंच कोसळला, तर उत्तम कार्डही बाजूस ठेवलें जातें. नव्या आवृत्तींत 'हेल्प' या मेन्यूखालील 'जीपीयू कंपॅटिबिलिटी' उघडल्यास कार्ड कोणत्या कसोटीस उतरलें नाहीं तें कळतें.

बहुधा दोष ड्रायव्हरचा असतो. हीच आमची अंगठी. विंडोजनें आपण होऊन आणलेला ड्रायव्हर पुष्कळदां जुना असतो. म्हणून एनव्हिडिया, एएमडी अथवा इंटेल, ज्या कंपनीचें कार्ड असेल तिचाच ताजा ड्रायव्हर बसवावा, आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा.

कित्येक लॅपटॉपांत दोन जीपीयू असतात. एक प्रोसेसरांतलाच, दुसरा स्वतंत्र. वीज वांचविण्यासाठीं विंडोज पहिल्याकडेच काम सोंपविते. अशा वेळीं सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स या क्रमानें जाऊन फोटोशॉपपुढें 'हाय परफॉर्मन्स' निवडावें. शेवटीं फोटोशॉपच्या 'प्रेफरन्सेस'मधील 'परफॉर्मन्स' या सदरांत 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर' या चौकोनांत खूण आहे ना, तें पाहावें.

कार्ड इतकें जुनें असेल कीं त्यास डायरेक्टएक्स १२ चालतच नाहीं, तर मात्र या उपायांचा उपयोग नाहीं. तरीही 'ऑइल पेंट'सारखे कांहीं प्रकारच तेवढे अडतात. आजोबांच्या छायाचित्रावरील डाग आणि चिरा घालविणारे 'हीलिंग ब्रश' व 'क्लोन स्टँप' हे कार्डावांचूनही चालतात. ज्यांस एवढेंच काम करावयाचें आहे, त्यांनीं नव्या कार्डाचा खर्च करूं नये, असें आमचें मत आहे.