होडी पाणी पीत नाही!

ऑलिंपिक म्हटले की धावपटू, मल्ल, हॉकीपटू डोळ्यांसमोर येतात. शिडाची होडी हाकणारा खेळाडू मात्र सहसा कोणाला आठवत नाही. म्हणूनच फारोख तारापोर हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलेही नसेल.

लष्करातील या अधिकाऱ्याने १९८२ च्या आशियाई स्पर्धेत, मुंबईच्या समुद्रावर, झरीर करंजिया यांच्यासह 'फायरबॉल' प्रकारात सुवर्णपदक जिंकले. पुढे १९८४, १९८८ आणि १९९२ या तीन ऑलिंपिकमध्ये ते '४७०' प्रकारात उतरले. ही ४ मीटर ७० सेंटिमीटर लांबीची, दोघांची होडी. एकाने सुकाणू धरायचे, दुसऱ्याने तारेच्या आधाराने बाहेर झुकून तोल सांभाळायचा. तिन्ही वेळा साथीदार निराळा: ध्रुव भंडारी, केली राव, सायरस कामा. दर वेळी ताळमेळ नव्याने बसवायचा! पदक मिळाले नाही. २०२४ पर्यंत या खेळात ते कोणाही भारतीयाला मिळालेले नाही. तरीही ते तीनदा उतरले, हे मला मोठे वाटते.

"हा साहेबलोकांचा खेळ, आपल्याला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. वाऱ्याच्या थेट तोंडावर शिडाची होडी जात नाही. रोख ओळखून तिला नागमोडी न्यावे लागते. खळ्यावर वाऱ्याचा रोख पाहून धान्य उपणणाऱ्या माणसांना ही विद्या परकी का वाटावी? सुप्याजवळच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या फिरतात, म्हणजे वाराही आहे. नाही ते पाण्यापर्यंत पोचण्याचे दार.

चांदवड तालुक्यातील दुष्काळी तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ वल्ही मारण्याच्या शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावा आला. त्याचे वडील विहिरी खोदत. होडी त्याच्या हाती आली ती लष्करात भरती झाल्यावर, पुण्यात. तारापोरही लष्करातले. पण जवानभरतीचे ते दार आम्हा मुलींना अजून फारसे उघडलेले नाही. मग आम्ही काय करायचे?

याचे उत्तर भोपाळने दिले आहे. देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तेथील तलावावर शिडाची होडी शिकली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. भोपाळला समुद्र कोठे आहे?

आपल्या मुलखात मुळा धरण आहे, जायकवाडी आहे. पावसाळ्यानंतर काही महिने तेथे चार होड्या, एक शिक्षक आणि जीवरक्षक जाकिटे ठेवता येणार नाहीत का? टँकरची वाट पाहणाऱ्या गावांना हे चोचले वाटतील. पण होडी पाणी पीत नाही! पिकाच्या वाट्याचा एक थेंबही त्यात जात नाही.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. "हे आपले काम नव्हे" हे वाक्य आमच्या घराने कॉलेजबद्दलही ऐकले आहे. म्हणून ते खेळाबद्दल ऐकले की मला राग येतो. आपले काम काय, हे मुलांना करून पाहू द्या. आपल्या क्रीडा विभागाने निदान एकदा तरी आम्हाला धरणावर न्यावे, एवढीच माझी मागणी आहे.