टोपी ढगळच विणावी

आमच्या कळवण तालुक्यात पौषात फार थंडी पडते. दुकानातली टोपी घट्ट असते, सारखी वर सरकते आणि कान उघडे पडतात. म्हणून माझे मत असे की टोपी घरीच विणावी, अन् ढगळ विणावी.

सुया लागत नाहीत. गोल साचा असतो, माझ्या साच्याला ४० खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीला लोकरीचे दोन वेढे घ्यायचे. मग आकड्याने खालचा वेढा वरच्यावरून उचलून खुंटीच्या आत सोडायचा. परत एक वेढा, परत तेच. आईची वीतभर झाली की पुष्कळजण थांबतात. थांबू नये! अजून चार बोटे विणावे. शेवटी सगळ्या टाक्यांतून दोरा ओवून ओढला की तोंड बंद. टोपी मागे लोंबते, लोक हसतात. हसू द्या. खालची कड दुमडली की कान दुहेरी झाकतात.

जुना स्वेटर उसवला तर लोकर फुकट. धुऊन वाळवली की सरळ होते.

मुले म्हणतात, विणकाम मुलींचे. मग गांधीजी सूत कातायचे ते? कार्यानुभवाच्या तासाला मुलांनाही साचा द्यावा. शेतातली लाईट रात्री येते, तेव्हा कांद्याला पाणी द्यायला बाबालोकच जातात ना!