हरण्याचे शहाणपण

मराठी कुस्तीशौकिनांनी एका जुन्या लबाडीस ‘नुरा कुस्ती’ असे नाव देऊन ठेविले आहे. दोन मल्ल आधीच संगनमत करितात आणि कोणी चीत व्हावयाचे ते हलगी वाजण्यापूर्वीच ठरलेले असते. माळेगावच्या यात्रेत कुस्त्यांचा फड पाहणाऱ्या शेतकऱ्यास ही लबाडी ओळखावयास विद्वत्ता लागत नाही. परंतु तीच परदेशी पोशाख करून आली, की आमचे सुशिक्षित तरुण तिला दूरदृष्टी म्हणू लागतात! अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉल आता बिलोलीतही मोबाईलवर पाहिला जातो; आणि ‘संघ नव्याने बांधावयाचा, तर आधी काही वर्षे मुद्दाम हरावे’ हा तेथील सिद्धान्त आमच्या कानी येऊ लागला आहे. त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रतिपक्षाची बाजू प्रथम न्यायाने मांडू. तेथे नवोदित खेळाडू वाटून घेताना दुबळ्या संघांस अग्रक्रम मिळण्याचा संभव अधिक असतो. १९८५ पासून हा क्रम सोडतीने ठरतो. १९९६-९७ च्या हंगामात ८२ पैकी अवघे २० सामने जिंकलेल्या सॅन अँटोनियोस टिम डंकन लाभला आणि १९९९ मध्ये तो संघ अजिंक्य ठरला. मग हरणे फळले की नाही?

फळले खरे, पण कोणास? त्याच हंगामात १५ च सामने जिंकणाऱ्या बॉस्टनच्या वाट्यास तिसरा आणि सहावा क्रमांक आला. शिवाय सॅन अँटोनियोचा डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीने जायबंदी होता. तो परतला, आणि डंकन उभ्या घरात आला, पडक्या वाड्यात नव्हे. उलट फिलाडेल्फियाने हा सिद्धान्त उघडपणे आचरिला. २०१३ ते २०१६ या तीन हंगामांतील २४६ सामन्यांपैकी १९९ तो संघ हरला. त्यातून जोएल एम्बीडसारखा थोर खेळाडू मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि पुढे २०२४-२५ पर्यंतच्या नऊ हंगामांत तो संघ आपल्या विभागाच्या अंतिम फेरीसही एकदा पोहोचला नाही. २०१९ पासून तर तळाच्या तिन्ही संघांस पहिल्या क्रमांकाची समान, १४ टक्के, संधी असते. २०२५ मध्ये सर्वांत तळाच्या युटास पाचवा क्रमांक मिळाला. पहिला गेला तो १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसकडे!

कोणी म्हणेल, शिवाजीमहाराजांनी १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले दिलेच ना? होय, दिले, परंतु मुरारबाजी पडेपर्यंत लढून दिले, आणि १६७० पासून लढूनच परत घेण्यास आरंभ केला. निरुपायाने पत्करलेली माघार आणि लाभासाठी रचलेली हार यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

शिवाय हरण्याचा हा बेत आखणारे मैदानावर नसतातच. ते कचेरीत बसून चांगले गडी विकतात. घाम गाळून हरण्याची नामुष्की मात्र कोवळ्या पोरांच्या कपाळी येते. वर्ग सुधारावा म्हणून तीन वर्षे मुद्दाम वाईट शिकविणाऱ्या प्राध्यापकास आपण काय म्हणू? त्या तीन वर्षांतील विद्यार्थ्यांस दुसरे महाविद्यालयीन आयुष्य मिळत नाही.

आमच्या तालुक्यांतील कबड्डी-खोखोच्या संघांस तर हरल्याबद्दल कोणी अग्रक्रम देत नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत हरलेला संघ त्याच सायंकाळी गावची गाडी धरतो. येथे या सिद्धान्तातून एकच वस्तू हाती येईल, ती म्हणजे आळसास सबब. नवा संघ उभारणाऱ्याने कच्चे गडी अवश्य खेळवावेत, त्यापायी हार आली तर ती सोसावी; परंतु त्या गड्यांस मैदानात पाठविताना जिंकण्यासाठीच पाठवावे.