चौथ्यांदा मशेरी सोडताना

आंजर्ल्याच्या बैठकीत तंबाखूचा विषय निघाला तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "बाई, मी मशेरी तीनदा सोडलीय. चौथ्यांदा सोडते म्हटलं की घरातलेच हसतात." सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, आणि मग माझी मलाच लाज वाटली.

पुरुष विडी सोडतो तेव्हा त्याची चिडचिड सारे घर सांभाळून घेते. बाईचे डोके दुखो की पोट साफ न होवो, भाकऱ्या थापायच्याच असतात, हर्णैच्या लिलावाला वेळेवर पोचायचेच असते. पहाटे मशेरी लावायची पाच मिनिटे, दिवसातली तेवढीच तिची स्वतःची. ती काढून घेऊन आपण तिच्या हातात काय ठेवतो? बहुतेक वेळा उपदेश.

तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी २०१६ साली केंद्र सरकारने १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा सुरू केली. २०१८ पासून मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालयही त्यात आहे, मराठीत बोलता येते. समुपदेशक सोडायचा दिवस ठरवायला मदत करतात आणि पुढे स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. मला हे दुसरे जास्त मोलाचे वाटते. घसरलेली बाई आपणहून फोन करीत नाही, तिला शरम वाटते. पलीकडून कोणी न रागावता "मग आता कधी?" असे विचारले तर ती पुन्हा कंबर कसते.

पण हा नंबर छापलेला असतो तंबाखूच्या पाकिटावर. मशेरी सुट्या तंबाखूची, घरच्या तव्यावर भाजलेली. तिच्यावर कुठला नंबर? शिवाय फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. आला की आधी "कोणाचा?" म्हणून चौकशी. मैत्रिणींनो, बचत गटाच्या बैठकीआधी अर्धा तास, गटातल्याच कुणाचा तरी फोन आणि दार लोटलेली एक खोली, एवढे आपण देऊ शकतो. समुपदेशकाने परत फोन करायचा तोही त्याच वेळी.

मावशींना पुन्हा सोडावीशी वाटते ती सुनेसाठी. सुनेला दिवस गेलेत आणि तीही मशेरी लावते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या अभ्यासात अशा तंबाखूने बाळाचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलेले आढळले. मी हे सांगितल्यावर मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "जूनमध्ये बोटी बंद झाल्या की लावून दे फोन. तेव्हा लिलावाला पळायचं नसतं. दोघींचा एकदमच लाव."