सायकल हवी, दुरुस्तीही हवी

रायगड जिल्ह्यात पेणच्या खारेपाटातून किंवा रोह्याच्या डोंगरातल्या वाड्यांतून माध्यमिक शाळा गाठायची, तर मुलांपुढे एसटीची वाट पाहणे किंवा पायपीट हेच पर्याय उरतात. मुलींची शाळा अनेकदा इथेच सुटते. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार त्यामुळे मुलींची माध्यमिक पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून निवडक तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते.

पण कोकणच्या पावसात आणि खाडीकाठच्या खाऱ्या हवेत साखळी लवकर गंजते. पंक्चर काढायलाही तालुक्याला जावे लागले, तर सायकल पडवीतच राहते. म्हणून नुसते वाटप पुरेसे नाही. घरोघरी धूळ खात पडलेल्या सायकली शाळेत जमा व्हाव्यात, मुलामुलींनी स्वतः ब्रेक आणि साखळी बसवायला शिकावे, गरजूंना त्या वर्षभरासाठी मिळाव्यात. हाताला कसब आले, की कमाईचाही मार्ग दिसतो. पेण-हमरापूरच्या गणेशमूर्तिशाळांत हे पिढ्यान्पिढ्या घडले आहे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांनी हत्यारे व टायर-ट्यूब द्यावेत आणि ग्रामपंचायतींनी येत्या जूनपूर्वी निदान एका शाळेत सुरुवात करावी.